कौमुदीचा पाठ आणि छत्रातले पान

विद्वानांची आत्मचरित्रे मी हौसेने वाचतो. त्यांत लेखक काय शिकला हे सविस्तर येते आणि शिकत असताना तो जेवत कुठे होता हे एखाद्या वाक्यात उरकलेले असते. धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदना'त हे प्रमाण उलटे आहे. रात्री पाठ कुठे टेकली, गाडीभाडे कोणी दिले, कोणाची चिठ्ठी कुठे उपयोगी पडली, कोणी पंगतीत बसवून घेतले आणि कोणाच्या कपाळाला आठी पडली, हे कोसंबी शांतपणे सांगत जातात. पाणिनीविषयी किंवा त्रिपिटकाविषयी त्या मानाने थोडेच बोलतात. 1924 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते याच कारणाने. विद्या मिळवायला माणसाला काय काय मोजावे लागते, याचा इतका खरा जमाखर्च मला मराठीत दुसरीकडे आढळलेला नाही.

कोसंबींचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातल्या साखवाळ या खेड्यात झाला. राज्य पोर्तुगीजांचे, घरची मिळकत माडांच्या बागांची आणि शिक्षण गावात मिळाले तेवढे मराठी. 1891 मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षाच्या आत, चिखलीच्या लाडांच्या घरातल्या बाळाबाईंशी लग्न झाले. पुढे पाली भाषेचा भारतातला पहिल्या फळीतला पंडित झालेल्या या माणसाजवळ विशीत मॅट्रिकचा दाखला नव्हता, इंग्रजी नव्हते, संस्कृतही नव्हते. होती ती वाचनाची ओढ आणि बागेची देखरेख. अशा आयुष्यात बुद्ध आला तो 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातून. मिशनऱ्यांनी चालवलेल्या त्या छोट्या मासिकातला बुद्धावरचा लेख त्यांच्या मनात रुतून बसला. गोव्यातला एक सारस्वत तरुण, ख्रिस्ती मंडळींचे मराठी मासिक आणि त्यात बुद्ध! एवढे विलक्षण जुळून आलेले असताना दुसऱ्या एखाद्या लेखकाने तिथे दैवाचा हात दाखवला असता. कोसंबी ते घडले तसे नोंदवतात आणि पुढे जातात.

त्यांच्या शैलीचे मर्म या पुढे जाण्यात आहे. वाक्ये आखूड आहेत, विशेषणे मोजकी आहेत आणि भावनेचा उमाळा आलाच तर तो घडलेल्या गोष्टीला चिकटून येतो. ही शैली कोरडी मात्र नाही. गृहत्यागाची हकिगत वाचताना ते फार जाणवते. 1899 च्या अखेरीस ते घर सोडून निघाले तेव्हा मुलगी माणिक तान्ही होती. बुद्धचरित्राने भारलेल्या तरुणाने बायको आणि तान्हे मूल मागे ठेवून निघावे, इथे महाभिनिष्क्रमणाची सावली आपोआप पडते. तिचा आधार घेऊन स्वतःभोवती थोडे तेज जमवणे अगदी सोपे होते. कोसंबींनी तसे केलेले नाही. त्याआधीचे घराबाहेर पडण्याचे फसलेले बेत, परत फिरणे, मनाची कुतरओढ, संसाराचा आलेला वीट, हे सगळे ते सांगतात. त्यामुळे शेवटचे निघणे साक्षात्काराच्या झटक्यासारखे वाटत नाही. बरेचदा कच खाल्लेल्या माणसाने एकदाचे पाऊल उचलले, असे ते वाटते.

इथे त्यांच्या उत्तरायुष्यातल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथाची आठवण येते. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहिला आणि तो मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा कोसंबींनी त्या ग्रंथात बाजूला सारली. आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत गौतमाने घर सोडले, हे जुन्या सुत्ताच्या आधारे त्यांनी मांडले, आणि त्यामागे शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचा संबंध लावला. हा निष्कर्ष पाली ग्रंथांच्या चिकित्सेतून आला आहे हे खरेच. पण 'निवेदन' वाचलेल्या माणसाला त्यात आणखी काही ऐकू येते. ज्याने स्वतः घर सोडले होते त्याला ती सुबक कथा अपुरी वाटली असणार, असे मला राहून राहून वाटते. घर सोडणाऱ्याच्या पाठीमागे रडणारी माणसे असतात, हे त्याला ग्रंथाबाहेरही माहीत होते.

बाळाबाईंविषयी मात्र माझे मन या पुस्तकाशी पूर्ण जुळत नाही. कोसंबी स्वतःचा दोष लपवत नाहीत, आपल्या जाण्याने घरच्यांवर काय ओढवले याची जाणीवही त्यांना आहे. तरी बाळाबाईंची ती वर्षे कशी गेली, तान्ह्या मुलीला घेऊन त्यांनी दिवस कसे काढले, लोकांचे काय काय ऐकून घेतले, याला पानांवर जागा मिळालेली नाही. दहाएक वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी घर सोडून जाणाऱ्या नवऱ्याची बायको मराठीत बोलती केली. त्या पुस्तकाशेजारी 'निवेदन' ठेवले की ही उणीव आणखी ठळक होते. एका माणसाचे शिकणे दुसऱ्या माणसाच्या वाट पाहण्यावर उभे होते. 'निवेदना'त पै-पैचा हिशेब आहे, फक्त या एका खात्याची नोंद अर्धवट राहिली आहे.

गोव्याहून ते पुण्यास आले आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. त्या वेळी भांडारकर साठी ओलांडलेले, देशोदेशी मान पावलेले पंडित होते. त्यांच्यासमोर एक अनोळखी गोवेकर उभा राहून संस्कृत शिकायचे आहे, बौद्ध धर्म समजून घ्यायचा आहे, असे सांगतो. अशा भेटीत दबकून जाण्यासारखे सगळे होते. कोसंबी ती सरळ सांगतात, आणि मार्ग दाखवणाऱ्या माणसाविषयीची कृतज्ञता ओळीओळीत राहते, स्तुतीची भाषा न वापरता. भांडारकर या चरित्रात नंतरही महत्त्वाच्या वळणांवर भेटत राहतात.

पुण्याहून इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे करत ते काशीला पोचले. हा भाग पुस्तकाचा गाभा आहे आणि मी तो सर्वांत सावकाश वाचतो. तेव्हा कोसंबी तेविशीत होते. सिद्धान्तकौमुदी ही लहान वयात घोकायची गोष्ट. जीभ कोवळी असताना सूत्रे तोंडात बसतात, अर्थ पुढे कधीतरी उलगडतो. हा संसारी माणूस, बापही झालेला, व्याकरणाच्या पहिल्या पायरीवर येऊन बसला. गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या नामांकित वैयाकरणाच्या परंपरेत पाठ मिळू लागले. पाठ फुकट होता, कारण विद्या विकायची नाही हा तिथला दंडक. जेवण अन्नछत्रात, तेही फुकट. वरवर पाहता गरीब विद्यार्थ्याला याहून सोयीची व्यवस्था कोणती?

पण छत्रातले पान ब्राह्मणासाठी होते, आणि गौड सारस्वताचे ब्राह्मण्य काशीतल्या इतर ब्राह्मणांना निर्विवाद मान्य नव्हते. त्यामुळे पानावर बसण्याचा हक्क हा रोजचा प्रश्न झाला. सकाळी पाणिनीचे सूत्र सोडवायचे आणि दुपारी आपली जात सिद्ध करायची, असे हे शिक्षण. कोसंबींच्या लेखनाची ताकद मला इथे सर्वांत जास्त जाणवते. अपमान सांगताना त्यांचा आवाज चढत नाही. कोण काय म्हणाले, कोणी बाजू घेतली, पुढे काय ठरले, एवढेच ते सांगतात. वाचणाऱ्याच्या लक्षात मात्र एक गोष्ट पक्की बसते. काशीतली ही फुकट विद्या सर्वांना फुकट नव्हती. ती कोणाला मिळणार हे पाठशाळेच्या दारात ठरण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात ठरत होते. ज्या सारस्वताला पंगतीत जागेसाठी एवढे झगडावे लागले, त्याच्याही खाली ज्यांना रेषेपलीकडेच उभे केले होते त्यांचे काय, हा प्रश्न कोसंबी तिथे विचारत नाहीत. त्यांचे पुढचे सगळे आयुष्य त्या प्रश्नाच्या दिशेने गेले. 1937 साली मुंबईच्या कामगार वस्तीत त्यांनी 'बहुजनविहार' उभा केला, त्याची मुळे मला काशीच्या या पानांत दिसतात.

काशीनंतर नेपाळ. बुद्धाच्या धर्माचा जिवंत प्रवाह तिथे सापडेल या आशेने, दुर्गानाथ नावाच्या नेपाळी स्नेह्याच्या सोबतीने, 1902 च्या सुरुवातीला ते काठमांडूला गेले आणि निराश होऊन परतले. ज्या शांत, विचारी बुद्धाचे चित्र मनात होते त्याचा मागमूस त्यांना तिथल्या स्तूपांच्या परिसरात आढळला नाही. नेपाळच्या नेवार बौद्ध परंपरेला तिचा स्वतःचा मोठा इतिहास आहे, आणि कोसंबींनी तिच्याकडे फार घाईने पाहिले, असे आजच्या वाचकाला वाटेल. मलाही तसे वाटते. पण त्या निराशेनेच त्यांना बुद्धगयेला आणि तिथून सिंहलद्वीपाकडे ढकलले. बुद्धगयेत भेटलेल्या भिक्षूने सिलोनची वाट दाखवली, कलकत्त्याच्या महाबोधी सभेने मदत केली, आणि त्याच वर्षी ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपुढे हजर झाले.

हिक्कडुवे सुमंगल हे त्या काळी थेरवादी जगातले फार मोठे नाव. त्यांच्याजवळ कोसंबी श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. ज्याचे संस्कृत व्याकरण पक्के आहे त्याला पाली लवकर उलगडते; काशीतल्या घोकंपट्टीचे व्याज इथे मिळाले. अडचण होती ती पुन्हा जेवणाची. या शाकाहारी माणसाला सिंहली अन्न मानवेना आणि प्रकृती बिघडू लागली. ज्या देशात अखेर गुरू मिळाला त्या देशातले जेवण पोटात टिकेना! वर्षभराच्या आसपास राहून ते मद्रासकडे आणि तिथून ब्रह्मदेशाकडे वळले. ब्रह्मदेशात ते भिक्षू झाले. मध्ये भारतात येऊन बौद्ध तीर्थांच्या आसऱ्याने राहिले, एकांतात ध्यान केले, पुन्हा ब्रह्मदेशात गेले आणि 1906 मध्ये कलकत्त्याला परतले.

या फिरतीची पाने पहिल्यांदा वाचताना धागा हातातून सुटतो. गावे, विहार, आगबोटी, आजारपणे, नवे स्नेही, आणि पुन्हा नवे गाव. कोसंबी वाचकासाठी थांबून गोळाबेरीज करत नाहीत. पण शेवटपर्यंत जाऊन मागे वळले की हीच पाने निराळी दिसू लागतात, आणि त्यासाठी हार्वर्डची गोष्ट लक्षात घ्यावी लागते.

पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिलोनमध्ये 'विसुद्धिमग्ग' लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन भागांत आणि तेवीस प्रकरणांत थेरवादी बौद्धांचा सारा साधनामार्ग त्यात बांधला आहे. ध्यानाचे चाळीस विषय त्यात एकेक करून समजावले आहेत. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी हेन्री क्लार्क वॉरन हा व्यासंगी गृहस्थ पाठीच्या दुखण्याने जर्जर होऊनही या ग्रंथाची संशोधित आवृत्ती तयार करत होता. 1899 मध्ये तो वारला आणि काम अर्धे राहिले. त्याच वर्षाच्या शेवटी कोसंबींनी साखवाळ सोडले. हार्वर्डचे संस्कृत प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांना हे काम पुरे करणारा माणूस हवा होता. त्याला पोथ्यांसाठी सिंहली आणि बर्मी लिप्या यायला हव्या होत्या. पाली पक्की हवी, तिच्यामागचे संस्कृत व्याकरणही हवे. आणि ग्रंथ ध्यानाचा असल्याने ज्याने प्रत्यक्ष आसन घालून ध्यान केले आहे असा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळे. असा अभ्यासक्रम जगातल्या कुठल्याही विद्यापीठात नव्हता. काशी, कोलंबो आणि ब्रह्मदेश यांच्यामधल्या वणवणीत कोसंबींनी तो नकळत पुरा केला होता. जेवण मानवले नाही म्हणून बदललेला मुक्काम, निराशेमुळे सोडलेले काठमांडू, एकांतातले दिवस, या सगळ्यांचा या एका ग्रंथासाठी उपयोग झाला. कोसंबी मात्र आपल्या आयुष्याला असा आकार देऊन दाखवत नाहीत. तो आकार वाचकाच्या नजरेत हळूहळू तयार होतो, आणि याहून मोठा आनंद या पुस्तकात मला तरी दुसरा मिळालेला नाही.

हार्वर्डआधीची चार वर्षे कमाईची आणि स्थिर होण्याची. कलकत्त्यात वंगभंगाच्या चळवळीतून नॅशनल कॉलेज नुकतेच निघाले होते, अरविंद घोष त्याचे प्राचार्य होते. तिथे आणि कलकत्ता विद्यापीठात कोसंबी पाली शिकवू लागले. अनेक भाषांचे जाणकार हरिनाथ दे यांचा स्नेह जुळला. चीवर उतरले, गोव्याला जाऊन घरच्यांची भेट झाली, संसार पुन्हा सुरू झाला. 1907 मध्ये मुलगा दामोदर जन्मला. हाच पुढचा गणिती आणि इतिहासकार. ज्याच्याजवळ शाळेचा दाखलाही नव्हता तो माणूस विद्यापीठात शिकवत होता, आणि पगारही चांगला होता.

तो त्यांनी सोडला. सयाजीराव गायकवाडांशी ओळख झाली होती. महाराष्ट्रात कुठेही राहून काम करा, महिना 50 रुपये देतो, असे महाराजांकडून ठरले. कलकत्त्याच्या प्राप्तीपुढे ही रक्कम फार छोटी होती. कोसंबींनी ती घेतली, कारण आपण मिळवलेले ज्ञान आपल्या माणसांपर्यंत, आपल्या भाषेत पोचावे ही त्यांची तळमळ होती. या निर्णयाचे वर्णन त्यांनी इतक्या थोडक्यात केले आहे की वाचता वाचता तो निसटून जावा. मी दर वेळी इथे थबकतो. रेल्वेच्या तिकिटाची विवंचना ज्याने इतकी तपशिलाने सांगितली आहे, त्याला पैशाची किंमत ठाऊक नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. म्हणूनच हा निर्णय मोठा आहे. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे छोटे पुस्तक 1910 मध्ये निघाले. त्यातले मराठी इतके स्वच्छ आहे की शंभर वर्षांनंतरही नवख्या वाचकाच्या हाती निःशंकपणे द्यावे.

त्या सुमारास हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले आणि कोसंबींकडे पाली शिकले. त्यातून लॅनमनचे बोलावणे आले. 1910 मध्ये ते बोस्टनजवळच्या केंब्रिजला पोचले आणि वॉरनच्या कागदांपुढे बसले. ही पाने मला काशीच्या पानांची भावंडे वाटतात. तिथे पंगतीतल्या जागेचा प्रश्न होता, इथे ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच्या जागेचा. काम कोणी किती केले आणि नाव कोणाचे कसे यावे, यावरून लॅनमनशी मतभेद झाले. लॅनमन मोठे पंडित होते, दिवंगत मित्राच्या कामाविषयी हळवे होते, हे समजू शकते. पण पोथ्यांतले पाठभेद ज्याने सोडवले त्याला साहाय्यकाच्या रांगेत ठेवणे कोसंबींना मान्य होणे शक्य नव्हते. काशीत न चढलेला आवाज ते इथेही चढू देत नाहीत. मात्र आपल्या हक्कावरून हटत नाहीत, आणि 1912 च्या आरंभी काम तसेच सोडून परत येतात. काशीतला विद्यार्थी आणि केंब्रिजमधला संपादक यांच्यात दहा वर्षांचे अंतर आहे. वागण्यातला ताठपणा तोच आहे, फक्त आता त्याच्यामागे विद्येचे बळ उभे आहे.

त्या कामासाठी ते पुढे पुन्हा अमेरिकेला गेले, एकदा दोन्ही मोठ्या मुलांना घेऊन. 'विसुद्धिमग्गा'ची त्यांची नागरी आवृत्ती 1940 मध्ये भारतीय विद्याभवनाने काढली. हार्वर्ड ग्रंथमालेतला खंड 1950 साली निघाला, तेव्हा कोसंबींना सेवाग्रामात देह ठेवून तीन वर्षे झाली होती. 'निवेदना'चा मुख्य पट मात्र पहिल्या अमेरिकावारीशी येऊन थांबतो. 'गीतारहस्या'च्या किंवा आगरकरांच्या निबंधांच्या गद्यावर वाढलेल्या वाचकाला त्याचा सूर सुरुवातीला फार साधा वाटेल. पन्नासेक पाने धीर धरावा. त्या साधेपणाला कान सरावला की मग आत किती काही घडते आहे ते ऐकू येऊ लागते. नात मीरा कोसंबी यांनी केलेला इंग्रजी अनुवादही उत्तम आहे, पण मराठी येत असेल तर मूळच वाचावे.

परत आल्यावर 1912 पासून 1918 पर्यंत कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. ज्या विषयासाठी त्यांना काशी, कोलंबो आणि ब्रह्मदेश पालथे घालावे लागले, तो विषय आता पुण्यातल्या मुलाला वर्गात बसून, देवनागरीत, मराठी बोलणाऱ्या गुरूकडून शिकता येत होता. त्या मुलांपैकी पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले. 'विमुत्तिमग्ग' हा एक जुना साधनाग्रंथ चिनी भाषांतरातून उरला होता. त्याची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना करणारा बापटांचा प्रबंध 1937 मध्ये पुण्यात छापला गेला. तेव्हा कोसंबी हयात होते.